ईकोचा ऑक्सिजन सेन्सर नवा टाकला तरी चेक लाइट परत लागते, तेव्हा काय तपासायचं

गाडी जुनी मारुती ईको, साधारण २०१० ते २०१६ मधली, पेट्रोल किंवा पेट्रोल-सीएनजी. मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला. स्कॅनर लावला, ऑक्सिजन सेन्सरचा कोड आला, सेन्सर बदलला, दिवा गेला. आठ-पंधरा दिवस बरे गेले आणि तुळजापूरहून परत येताना दिवा पुन्हा हजर. गॅरेजवाला म्हणतो, सेन्सर डुप्लिकेट निघाला, दुसरा टाकू. दुसराही टाकून होतो. ॲव्हरेज पडलेलं ते पडलेलंच, सकाळी गार गाडी सुरू केली की थरथरते, सायलेन्सरच्या तोंडाला काळी काजळी.

सोलापुरात या गाड्या सकाळी शाळेची मुलं नेतात, दुपारी चादरी-टॉवेलचे गठ्ठे, आणि सुट्टीच्या दिवशी अक्कलकोट नाहीतर पंढरपूरची वारी. गाडी एक दिवस उभी राहिली तर घराचा हिशेब बिघडतो, म्हणून मालक म्हणतो, "काय टाकायचं ते टाका ओ, पण आज सोडा." या घाईतच चांगला सेन्सर निघतो आणि नवा बसतो. मी वायरिंगचं आणि सेन्सरचंच काम करतो. ही तक्रार घेऊन आलेल्या बहुतेक गाड्यांत काढून टाकलेला सेन्सर धडधाकट असतो. कोडमध्ये सेन्सरचं नाव आलं म्हणून सेन्सर विकत घेऊ नका. खरा सेन्सर काही हजारांना पडतो. त्याआधी अर्धा तास तपासणीला द्या.

मग नवा टाकल्यावर दिवा जातो कसा? सेन्सर बदलताना मिस्त्री स्कॅनरने कोड पुसतो किंवा बॅटरीची वायर काढतो, म्हणून जातो. ईसीएमची, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरची, आठवण कोरी झालेली असते. बहुतेक बिघाडांत ईसीएम एकदाच खोट दिसली म्हणून दिवा लावत नाही. पहिल्या खेपेला नोंद करून ठेवते, पुढच्या खेपेला तीच खोट दिसली की मग दिवा लागतो. शिवाय ती तपासणी ठरावीक वेग आणि ठरावीक तापमान जमल्याशिवाय होतही नाही. सात रस्ता ते आसरा चौक अशा छोट्या फेऱ्यांत ती बरेच दिवस होत नाही, हायवेला लागलं की होते. म्हणून दिवा दरवेळी तुळजापूरच्या नाहीतर मोहोळच्या रस्त्यावरच लागतो आणि मालकाला वाटतं, लांब पल्ल्यानेच काहीतरी होतंय.

सेन्सर नेमकं काय सांगतो

या गाड्यांतला सेन्सर झिर्कोनियाचा असतो. त्याचं टोक सायलेन्सरच्या पाइपात, मागची बाजू बाहेरच्या हवेत. धुरात ऑक्सिजन कमी असला, म्हणजे पेट्रोल जास्त झालं, की तो साधारण ०.९ व्होल्टपर्यंत देतो. ऑक्सिजन जास्त असला, म्हणजे पेट्रोल कमी पडलं, की ०.१ च्या आसपास उतरतो. मधली रेघ ०.४५ ची. ईसीएम त्याच्याकडे बघत पेट्रोल कमी-जास्त करत राहते, म्हणून चांगला सेन्सर सारखा वर-खाली नाचतो. टोक सुमारे ३०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय तो बोलत नाही. लवकर तापावं म्हणून आत हीटर असतो. चार वायरींपैकी दोन त्या हीटरच्या.

गाडीत सेन्सर किती, ते आधी खाली वाकून बघा. १ एप्रिल २०१० ला बीएस-४, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा नियम, लागू झालं ते दिल्ली परिसर आणि १३ शहरांत, आणि त्या तेरांत मुंबई-पुण्याबरोबर आपलं सोलापूर होतं. बाकी देशाला २०१७ उजाडलं तेव्हा सगळीकडे बीएस-४ झालं. कॅटवर, म्हणजे सायलेन्सरच्या पाइपातल्या धूर साफ करणाऱ्या डब्यावर, नजर ठेवणारी ओबीडी-२ (गाडीने स्वतःची खोट शोधायची पद्धत) आली ती एप्रिल २०१३ पासून. त्यामुळे गाडी कोणत्या साली, कुठल्या शहरासाठी निघाली यावर फरक पडतो: कॅटच्या आधी एक सेन्सर असतोच, कॅटच्या मागे दुसरा असेलच असं नाही. दुकानात "ईकोचा सेन्सर द्या" एवढंच म्हणू नका. जुन्यावरचा नंबर लिहून न्या. पुढच्याची आणि मागच्याची वायर लांबीला वेगळी असते, आणि ताणून बसवलेली वायर वर्षभरात कपलरपाशी, म्हणजे वायर जोडायच्या प्लगपाशी, तुटते.

कोड नीट वाचा

"ऑक्सिजन सेन्सरचा कोड आहे" हे पुरेसं नाही. नंबर विचारा आणि लिहून घ्या. फोनला ब्लूटूथने जोडायचा ईएलएम ३२७ जातीचा छोटा स्कॅनर मिळतो. गाडीवर पोट असणाऱ्याने तो बाळगावाच.

पी०१३५ असेल तर तक्रार पुढच्या सेन्सरच्या हीटरची आहे, पी०१४१ असेल तर मागच्याच्या. इथे पहिलं काम फ्यूज बघण्याचं. मग कपलर सोडून सेन्सरच्या बाजूला हीटरच्या दोन पिनांमध्ये मीटर लावा. गार सेन्सरला काही ओहम दिसायला हवेत. काहीच दिसलं नाही तर हीटर तुटला, सेन्सर खरंच गेला. ओहम दिसले तर इग्निशन चालू करून गाडीकडच्या बाजूला १२ व्होल्ट येतात का ते पाहा. येत नसतील तर दहा सेन्सर टाकूनही दिवा जाणार नाही.

पी०१३१ म्हणजे व्होल्ट कमी, पी०१३२ म्हणजे जास्त, पी०१३४ म्हणजे हालचालच नाही, पी०१३३ म्हणजे सेन्सर सुस्त. यातल्या शेवटच्यात सेन्सर म्हातारा झाल्याची शक्यता खरी. पी०१७१ आणि पी०१७२ हे तर सेन्सरचे कोडच नाहीत. मिश्रण पातळ आहे किंवा घट्ट आहे एवढंच ते सांगतात, आणि तरीही याच दोन कोडांवर सगळ्यात जास्त सेन्सर विकले जातात. पी०४२० कॅटचा आहे. कॅट भंगारात विकून मधे साधा पाइप जोडला असेल तर हा कोड कायमचा सोबतीला राहणार. ते बेकायदा आहे, आणि पीयूसीवाल्याने नळी नीट आत घातली तर तिथेही पकडलं जातं.

सीट उचला, गार इंजिनावर कान द्या

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि जे सगळ्यात कमी तपासलं जातं ते: सेन्सरच्या आधी सायलेन्सरला कुठे गळती आहे का.

इंजिनातून धूर एकसारखा येत नाही, धक्क्याधक्क्याने येतो. दोन धक्क्यांच्या मधे पाइपात क्षणभर ओढ तयार होते. मॅनिफोल्डचं, म्हणजे इंजिनातला धूर गोळा करून पाइपात सोडणाऱ्या भागाचं, पॅकिंग फुटलं असेल, तो आवळणारा स्टड तुटला असेल किंवा पाइपाला बारीक चीर असेल तर त्या क्षणी बाहेरची हवा आत शिरते. हवेत २१ टक्के ऑक्सिजन. सेन्सर प्रामाणिकपणे सांगतो, ऑक्सिजन फार झाला. ईसीएम समजते पेट्रोल कमी पडतंय, आणि ओतत राहते. ॲव्हरेज पडतं, प्लग काळे होतात, जास्तीचं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं आणि कॅटही खराब होऊ लागतं. नवा सेन्सर टाका, तोही तेच सांगणार, कारण तेच खरं आहे.

अक्कलकोट रोड एमआयडीसीतून टॉवेलचे गठ्ठे नेणारी एक ईको अशीच आली होती. पी०१७१ आणि पी०१३१, दोन सेन्सर आधीच बदललेले. मालक वैतागलेले. म्हणाले, "मिस्त्री, नवा टाकून महिना नाही झाला की ओ. आता कंपनीचाच टाका, काय व्हायचं ते होऊ द्या." मी म्हटलं, "अण्णा, थांबा. गाडी रात्रभर इथं राहू द्या." ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली; सकाळी गार इंजिनावर सीट उचलली, झाकण काढलं, गाडी सुरू केली. मॅनिफोल्डपाशी टिक-टिक-टिक. दोन-तीन मिनिटांत धातू तापून फुगला आणि आवाज गेला. दुपारी तापलेली गाडी बघणाऱ्या कुणालाही तो ऐकू येणं शक्यच नव्हतं. फ्लँजला, म्हणजे जोडाच्या कडेला, एका बाजूला पिसाऱ्यासारखी काळी काजळी पसरलेली, आणि त्या खाली स्टड तुटलेला. स्टड काढला, पॅकिंग नवं टाकलं. अण्णांनी पहिला जुना सेन्सर डॅशबोर्डच्या खणात कागदात गुंडाळून ठेवला होता. तोच परत बसवला. गाडी त्याच सेन्सरवर चालतेय.

गळती शोधायची पद्धत हीच: गार इंजिन, सुरू केल्याबरोबर कान, मग टॉर्चच्या उजेडात काजळी शोधणं. आवाज नीट कळत नसेल तर एकाने सायलेन्सरच्या तोंडावर जाड ओला कपडा क्षणभर धरावा आणि दुसऱ्याने ऐकावं. दाब वाढला की गळती फुसफुसते. कपडा दाबून ठेवायचा नाही, आणि हे काम शटर लावून कधीच करायचं नाही. गाडी उघड्यावर घ्या.

इथे सेन्सर बाजूला ठेवून एक गोष्ट सांगायलाच हवी. ईकोचं इंजिन सीटखाली आहे हे लक्षात ठेवा. बॉनेटमध्ये इंजिन असलेल्या गाडीत मॅनिफोल्ड गळला तर धूर बराचसा बाहेर जातो. ईकोत तो माणसांच्या बुडाखाली साठतो. झाकणाचं रबर कडक होऊन तुटलं असेल, काचा बंद असतील, तर तो आत येतो. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. मुलं पेंगतात, डोकं दुखतं म्हणतात, एखादं उलटी करतं, आणि आपण म्हणतो, गाडी लागली. शाळेची गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे: चेक लाइट लागो न लागो, टिक-टिक ऐकू आली तर त्याच दिवशी मॅनिफोल्ड बघा, आणि झाकणाचं रबर दरवर्षी शाळा सुरू होण्याआधी तपासा. दिवा लागलेल्या गाडीने ॲव्हरेज जातं, या गळतीने पोरांच्या जिवाला धोका आहे.

वायर आणि सीएनजी

गळती नसेल तर वायर. सेन्सरची वायर पाइपाच्या जवळून जाते. क्लिप तुटली की ती पाइपावर टेकते आणि वितळते. उन्हाळ्यात आपल्याकडे बाहेरच चाळीसच्या वर असतं, सीटखाली तर भट्टी. दुसरा शत्रू उंदीर. धान्याच्या दुकानासमोर किंवा गोडाऊनपाशी रात्री उभ्या राहणाऱ्या गाड्यांत कुरतडलेली वायर नेहमी सापडते. कपलर सोडून पिना हिरवट पडल्यात का बघा. वायर हातात धरून गाडी चालू असताना हळूच हलवा आणि स्कॅनरवर आकडा उडतो का पाहा.

बाहेरून सीएनजी किट बसवलेली असेल तर संशयाची सुई आधी तिकडे. पुष्कळ किटांची एक वायर सेन्सरच्या सिग्नल वायरीला जोडलेली असते. ती जोडणी बऱ्याचदा वायर सोलून, पिळून, वर काळी टेप. दोन उन्हाळ्यांत टेपचा डिंक वितळतो, तांबं काळं पडतं आणि सिग्नल अर्धवट पोचू लागतो. जोड उघडा, नीट क्रिंप करा (धातूची टोपी दाबून जोडा), वर हीट-श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी) चढवा.

दुसरं म्हणजे किटचं ट्यूनिंग. पेट्रोलला हवा १४.७ पट लागते, सीएनजीला १७ च्या थोडी वर. किटचा नकाशा, म्हणजे गॅस कधी किती सोडायचा याचं गणित, बिघडला की गॅसवर शिकलेली चुकीची सवय ईसीएम पेट्रोलवरही लावते. याची सोपी परीक्षा: कोड पुसा आणि गाडी चार-सहा दिवस फक्त पेट्रोलवर चालवा. खर्च होईल, पण उत्तर पक्कं मिळतं. दिवा आला नाही तर सेन्सरवाल्याकडे नाही, किटवाल्याकडे जा.

सेन्सर गेला की नाही, हे सेन्सरलाच विचारा

गळती नाही, वायर चांगली, आता सेन्सरची पाळी. इंजिन पूर्ण तापवा, २५०० आरपीएमला धरा आणि फोनवर पुढच्या सेन्सरचा आलेख लावा. तो ०.१ ते ०.९ मध्ये झपाझप वर-खाली व्हायला हवा. ॲक्सिलरेटर एकदम दाबला की ०.८ च्या वर उसळायला हवा, चालत्या गाडीत उतारावर पाय पूर्ण काढला की शून्याजवळ पडायला हवा. दोन्ही झटपट होत असेल तर तो जिवंत आहे, त्याला हात लावू नका. मागचा सेन्सर मात्र जवळपास स्थिर राहिला पाहिजे. तो पुढच्याची नक्कल करत नाचत असेल तर कॅट संपलंय.

फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवते किंवा घटवते तो आकडा, तोही बघा. लाँग टर्म ट्रिम उणे दहा ते अधिक दहा टक्क्यांत असेल तर ठीक. आयडलला अधिक वीस आणि रेस केल्यावर खाली येत असेल तर बहुधा इनटेककडून हवा शिरतेय, व्हॅक्यूमच्या रबरी नळ्या तपासा. आमच्याकडच्या उन्हात त्या लवकर तडकतात.

आणि सेन्सर खरोखर मेला असेल तर का मेला ते विचारा. टोक कोरडं काळं, काजळी धरलेलं असेल तर मिश्रण घट्ट आहे. तेलकट आणि राखाडी असेल तर इंजिन ऑइल खातंय. पांढुरकी पूड असेल तर सिलिकॉन: कुणीतरी साधं सिलिकॉन पॅकिंग लावलंय. कारण राहिलं तर नवाही त्याच वाटेने जाणार. टोक ॲसिडमध्ये किंवा पेट्रोलमध्ये बुडवून सेन्सर जिवंत होत नाही.

बदलायचाच असेल तर

आदल्या संध्याकाळी आट्यांवर गंज सोडवणारा स्प्रे मारा, कपलरला लागू देऊ नका. सकाळी गाडी थोडी गरम करा, चटका बसेल इतकी नाही. बावीसचा पाना लागतो. वायर मधून जाईल असा चीर असलेला सॉकेट मिळाला तर उत्तम, साधा पाना कडा मारतो. हातोडीने झटके देऊ नका. थोडा सोडा, थोडा परत घ्या, स्प्रे मारा, पुन्हा सोडा. आटे सोलले गेले तर १८ बाय १.५ चा टॅप फिरवावा लागतो.

नव्याच्या आट्यांना बहुतेक वेळा अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारं मलम) आधीच लावलेलं येतं. नसेल तर अगदी पातळ लावा, टोकाला बोटही लावू नका. सुरुवात हातानेच करा, मग साधारण ४० ते ४५ न्यूटन-मीटर. सेन्सर फरशीवर पडला तर तो वापरू नका, आतली चिनी माती तडकलेली बाहेरून दिसत नाही. वायर कापून जोडायचा सेन्सर असेल तर क्रिंप करा, डाग (सोल्डर) देऊ नका. बऱ्याच सेन्सरना बाहेरची हवा वायरीच्या आतूनच मिळते आणि डागाने ती वाट बंद होते. याच कारणाने कपलरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे भरू नका. जुन्या क्लिपा परत लावा, नसतील तर पाइपापासून दूर नीट बांधा.

काम झाल्यावर कोड पुसा आणि गाडी लगेच मालकाच्या हाती देऊ नका. गार इंजिनापासून सुरू करून शहरातून एक फेरी, मग पुणे रोडला एका वेगात पंधरा-वीस मिनिटं. परत आल्यावर दिवा बघू नका, तो तर विझलेलाच असणार. स्कॅनरमध्ये "पेंडिंग" कोडचं, म्हणजे दिवा लागण्याआधीच्या नोंदींचं, पान उघडा आणि "रेडिनेस"मध्ये, म्हणजे कोणत्या तपासण्या झाल्या ते दाखवणाऱ्या पानावर, ऑक्सिजन सेन्सर आणि हीटरसमोर तपासणी पूर्ण दिसते का ते बघा. पूर्ण दिसत नसेल तर दुसऱ्या दिवशी गार इंजिनावर हीच फेरी पुन्हा मारा. पूर्ण दिसली, पेंडिंगही रिकामं आलं आणि ट्रिम दहाच्या आत आली, की पावती फाडा.